‘मायग्रंट मदर’: शासकीय छायाचित्राचे स्वामित्व आणि अभ्यासकाचे दायित्व

शासकीय सेवेत निर्माण झालेल्या कलाकृतीवर स्वामित्व कोणाचे, हे कायदा सांगतो. तिचा विनियोग कोणत्या विवेकाने व्हावा, हे मात्र तो सांगत नाही. डोरोथिया लँग यांच्या ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर लँग यांनी हे छायाचित्र घेतले. त्या वेळी त्या अमेरिकी संघशासनाच्या पुनर्वसन खात्याच्या सेवेत होत्या. संघशासनाच्या सेवकाने कर्तव्याचा भाग म्हणून निर्मिलेल्या कृतीस अमेरिकेत स्वामित्वहक्क नाही. १९७६ च्या कायद्याचे १०५ वे कलम हे तत्त्व स्पष्टपणे नमूद करते. त्यामुळे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले हे चित्र कोणीही अनुमतीवाचून छापू शकतो. भारतात १९५७ च्या कायद्याच्या विद्यमान स्वरूपानुसार शासकीय कृतीवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्या मानाने अमेरिकी व्यवस्था निःसंशय उदार होय.

परंतु चित्रातील स्त्रीला या औदार्याचा लाभ झाला नाही. लँग यांनी त्यांचे नावही टिपून घेतले नव्हते. त्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन होत, हे १९७८ मध्ये उघड झाले. या चित्रापासून आपणांस कवडीही मिळाली नाही, अशी खंत तेव्हा त्यांनी व्यक्त केली. त्या चेरोकी वंशाच्या होत्या. तथापि गोऱ्या विस्थापित शेतकरी-मातेचे प्रतीक म्हणूनच चित्राकडे दीर्घकाळ पाहिले गेले. गाडीचे टायर विकून त्यांनी अन्न आणले, ही लँग यांनी १९६० मध्ये सांगितलेली हकीकत कुटुंबीयांनी नाकारली. चित्राच्या कोपऱ्यात दिसणारा त्यांचा अंगठादेखील १९३९ मध्ये पुसट करण्यात आला.

हा दोष कायद्याच्या उदारतेचा नव्हे. हक्क अस्तित्वात असता, तरी तो शासनाचा किंवा लँग यांचा झाला असता. थॉम्सन यांचा नव्हे. मात्र अनुमती मागण्याचे कारण उरले नाही की चौकशी करण्याचे कारणही उरले नाही, असा समज सहज बळावतो, आणि समीक्षाही त्यास अपवाद ठरलेली नाही. हस्तलिखिताचे पाठभेद न पाहता अर्थनिर्णय करणे जसे अशास्त्रीय, तसेच मूळ प्रत, टिपण, दिनांक आणि चित्रित व्यक्ती यांचा शोध न घेता अशा चित्राचा पुरावा म्हणून उपयोग करणेही अशास्त्रीय होय. ज्या कृतीस मालक नाही, तिच्या सत्यतेची राखण वापरणाऱ्यानेच केली पाहिजे.