दोन सभासदांची शिफारस

व्यावसायिक संघटना आणि त्यांच्या विद्यार्थी शाखा यांच्याविषयी आपल्या चळवळीत फारसे लिहिले जात नाही. साहित्य संमेलने, विद्यापीठे, वृत्तपत्रे यांच्यावरची प्रस्थापितांची पकड आपण पुष्कळ तपासली. डॉक्टरांची, दंतवैद्यांची असोसिएशन मात्र जेवणावळी आणि परिषदांचे मांडव समजून आपण सोडून दिली. धंद्यात कोणाला सामावून घ्यायचे, कोणाचा शब्द सरकारदरबारी चालायचा, हे पुष्कळदा याच मंडळींत ठरते. मी दंतवैद्य नाही, कॉलेजात मराठी शिकवतो. तरीही अमेरिकेतील काळ्या दंतवैद्यांच्या संघटनांचा इतिहास वाचताना तो मला परका वाटला नाही.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने आपले नाव तिकडच्या काळ्या तरुणांकडून घेतले. त्याच वर्षी तिकडे काळ्या दंतवैद्यक विद्यार्थ्यांची स्टुडंट नॅशनल डेंटल असोसिएशन स्थापन झाली. या योगायोगाला मी फार महत्त्व देत नाही. मला पडलेला प्रश्न असा, की आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, शिकागोत 'सर्वांची' म्हणून अमेरिकन स्टुडंट डेंटल असोसिएशन निघालेली असताना या मुलांनी वेगळी चूल का मांडली? आपल्याकडचे समन्वयवादी याला फुटीरपणा म्हणतील. त्यांनी या मुलांच्या आधीच्या पिढीचे काय झाले ते पाहावे.

रॉबर्ट टॅनर फ्रीमन हा गुलामांच्या वंशातला मुलगा १८६९ मध्ये हार्वर्डमधून दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. अमेरिकेत ही पदवी मिळवणारा तो पहिला काळा माणूस. पदवी मिळाली म्हणून बिरादरी मिळत नाही, हे आपल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना सांगायला नको. १९१३ मध्ये व्हर्जिनियात काळ्या दंतवैद्यांना आपली स्वतंत्र संस्था काढावी लागली. तिचेच १९३२ मध्ये नॅशनल डेंटल असोसिएशन झाले. ती त्यांनी हौसेने काढली नव्हती.

अडवणुकीची रीत मोठी नामी होती. अमेरिकन डेंटल असोसिएशन ही तीन मजली संस्था. राष्ट्रीय सभासद व्हायचे तर आधी स्थानिक आणि राज्य संस्थेचे सभासद व्हायला हवे. दक्षिणेकडील स्थानिक संस्था काळ्या माणसाला घेत नसत. वरचा मजला म्हणे, आमच्याकडे भेद नाही. तळमजल्याचा दरवाजा बंद. यात वरच्याचे हात स्वच्छ राहतात आणि खालच्याचे काम होते. आपल्याला हे तंत्र पाठ आहे. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन त्या पाण्यापर्यंत चालत जावे लागले. ठराव वर असतो, पाणी खाली असते.

नॉर्थ कॅरोलायनात शार्लट येथील दंतवैद्य रेजिनाल्ड हॉकिन्स यांनी राज्याच्या डेंटल सोसायटीकडे सभासदत्व मागितले. नियम साधा: अर्जावर दोन सभासदांची शिफारस हवी. सगळे सभासद गोरे. नियमात रंगाचा शब्दही नाही, आणि तरी तो रंगाचाच नियम. सोसायटीचे म्हणणे, आम्ही खाजगी मंडळ आहोत, कोणाला घ्यावे हा आमचा प्रश्न. पण राज्याच्या दंतवैद्यकविषयक मंडळांवर कोण जावे यात याच मंडळाचा शब्द चालत होता. मग ते खाजगी कसे? १९६६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हॉकिन्स यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला होता.

ग्रीन्सबरोचे जॉर्ज सिमकिन्स हेही दंतवैद्यच. त्यांच्या एका रुग्णाचा जबडा सुजला होता, त्याला इस्पितळात दाखल करणे भाग होते. सरकारी पैसा घेतलेल्या गोऱ्यांच्या इस्पितळांनी दार उघडले नाही. सिमकिन्स कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये जिंकले. सरकारी अनुदानाच्या इस्पितळांतील 'वेगळे पण समान' या तत्त्वाला त्या निकालाने सुरुंग लावला. (याच सिमकिन्सना १९५५ मध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या मैदानावर गोल्फ खेळले म्हणून अटक झाली होती. गोल्फचा चेंडू ठेवायच्या लाकडी खुंटीचे पेटंट १८९९ मध्ये घेतले होते ते जॉर्ज ग्रँट या काळ्या दंतवैद्याने. खुंटी चालते, माणूस चालत नाही.)

या लढ्यांत दंतवैद्य पुढे का दिसतात? माझ्या मते उत्तर खुर्चीत आहे. दवाखाना स्वतःचा, खुर्ची स्वतःची, रुग्ण आपल्याच वस्तीतले. गोरा मालक नाही, म्हणून नोकरीवरून काढणाराही कोणी नाही. आपला शिकलेला वर्ग बहुतेक सरकारी नोकरीत गेला. ती गरज होती आणि हक्कही होता. पण तिथे वर्तणुकीचे नियम आहेत, गोपनीय अहवाल आहे, बदलीची भीती आहे. आपल्या पांढरपेशा मंडळींच्या संघटना जयंतीची वर्गणी आणि पदोन्नतीची निवेदने यांच्यात का अडकतात, याची चिकित्सा केवळ 'बांधिलकी नाही' एवढ्यावर थांबवून चालणार नाही.

माझा एक विद्यार्थी बारावीनंतर दंतवैद्यकाला गेला. वडील नगरपालिकेत सफाई कामगार. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचे, पुढे सरावासाठी खरे काढलेले दात स्वतः जमवायचे. ज्याचा मामा दंतवैद्य, त्याला बरणीभर दात घरपोच येतात. हा पोरगा गावातले दवाखाने पालथे घालत हिंडला. कोणी दिले, कोणी 'नंतर ये' म्हणाले. पुढे रुग्णांचा कोटा. अमुक इतक्या कवळ्या, अमुक इतके दात भरणे. तिथेही ओळखच लागते. हत्यारे महाग, ती सीनियरकडून मिळतात, आणि सीनियर ज्याला आपला समजतो त्याला देतो. पाठ्यपुस्तकात यातले काही नाही. मला विचाराल तर विद्यार्थी संघटनेचे पहिले काम ही बरणी आणि ही हत्यारे आहेत. परिषदेतली पोस्टर आणि बिल्ले पुढची गोष्ट.

आणि 'सर्वांच्या' संघटना कोणाच्या असतात हे आपण वैद्यकात पाहिले आहे. १९८१ मध्ये अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध आंदोलन सुरू झाले. ते कॉलेजच्या आवाराबाहेर पडले आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. २००६ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के जागांविरुद्ध निवासी डॉक्टरांनी संप केले. त्याच सुमारास दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली. तिच्या २००७ च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींची मुले वसतिगृहात कशी एका बाजूला लोटली जातात ते आले. संप करणाऱ्या संघटनांनी या वसतिगृहासाठी किती संप केले?

आता माफीविषयी. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने खुले पत्र काढून क्षमा मागितली. साहित्याचा शिक्षक म्हणून मी त्या पत्राची भाषा पाहतो. क्षमा कशाची, तर १९६५ पूर्वी भेदभावरहित सभासदत्वाचा आग्रह पुरेशा कठोरपणे धरला नाही याची. म्हणजे भेदभाव केला तो खालच्यांनी. आमची उणीव अंमलबजावणीची. तीन मजल्यांची तीच रचना माफीच्या वाक्यातही शिल्लक आहे. कर्त्याला वाचवणारे क्रियापद आपल्याकडच्या सरकारी परिपत्रकांतही असेच बेताने निवडलेले असते. तरी हे पत्र मी फेकून देत नाही. आपल्याकडच्या कोणत्या व्यावसायिक संस्थेने एवढे तरी लिहिले?

पत्र काढले तेव्हा अध्यक्षपदी रेमंड गिस्ट होते, त्या संस्थेचे पहिले काळे अध्यक्ष. सिमकिन्स २००१ मध्ये वारले होते आणि हॉकिन्स २००७ मध्ये.