कूलंबचा आकडा आणि समुद्राचं पाणी

समुद्राजवळच्या काँक्रीटच्या टिकाऊपणावरचे शोधनिबंध वाचायला घेतलेत, तर पहिल्या आठवड्यातच एक तक्ता पाठ होतो. ४००० कूलंबच्या वर 'जास्त', २००० ते ४००० 'मध्यम', १००० ते २००० 'कमी', १०० ते १००० 'अतिशय कमी' आणि १०० च्या खाली 'नगण्य'. क्लोराइड किती सहज आत शिरेल याची ही प्रतवारी. मग एक बार चार्ट येतो: साध्या सिमेंटचा बार उंच, स्लॅग किंवा सिलिका फ्यूमवाल्या मिक्सचा बुटका. शेवटी वाक्य असतं, 'म्हणून हे काँक्रीट सागरी वातावरणात टिकाऊ आहे.' माझी तक्रार त्या 'म्हणून'बद्दल आहे.

हा 'म्हणून' मीही लिहिलाय. पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात माझ्या स्लॅगच्या मिक्सला ९०० च्या आसपास कूलंब आले आणि स्लाइडवर 'किनारपट्टीसाठी योग्य' असं लिहून मी मोकळी झाले. समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "यात क्लोराइड कुठपर्यंत गेलं ते दाखव." माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. ही चाचणी क्लोराइड मोजतच नाही, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी रसायनशास्त्रातून आलेली, म्हणजे मला तर आधी कळायला हवं होतं.

आरसीपीटी, म्हणजे एएसटीएम सी १२०२, करताना १०० मिमी व्यासाची आणि ५० मिमी जाडीची चकती व्हॅक्यूममध्ये पाण्याने पूर्ण भिजवतात. एका बाजूला ३ टक्के मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइड. ६० व्होल्ट लावून ६ तास करंट मोजायचा आणि एकूण किती विद्युतभार गेला त्याची बेरीज करायची. उत्तर येतं ते विजेचं. वीज कोणी वाहून नेली, ते हा आकडा सांगत नाही. काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी मुळातच सोडियम, पोटॅशियम आणि हायड्रॉक्साइडने भरलेलं असतं. खूप विरल द्रावणात हायड्रॉक्साइड आयनची मोलर वाहकता १९८ च्या आसपास, तर क्लोराइडची ७६. एकेका आयनचा हिशेब केला, तर हायड्रॉक्साइड क्लोराइडच्या अडीच पटींहून जास्त वीज नेतो.

आता सिलिका फ्यूम किंवा फ्लाय ॲश घाला. त्यांच्यामुळे छिद्रं बारीक होतात, हे खरंच आहे. पण त्याच वेळी छिद्रांतल्या पाण्यातले अल्कली बांधले जातात, हायड्रॉक्साइड कमी होतो आणि करंट पडतो. तुमचा कूलंबचा आकडा अर्ध्यावर आला, तर त्यात छिद्रांचा वाटा किती आणि पाण्याच्या रसायनाचा किती? चाचणी दोन्ही एकत्रच देते. उलटी गोष्टही घडते. कॅल्शियम नायट्राइट हे सळईचा गंज रोखायला घालतात, आणि त्याने कूलंब वाढतात. त्यामुळे तक्त्यात चांगलं काँक्रीट वाईट दिसू शकतं. हा इशारा खुद्द त्या मानकातच दिलेला आहे, पण तक्ता उद्धृत करणारे इशाऱ्याच्या पानापर्यंत फारसे जात नाहीत. त्यात ६० व्होल्टमुळे कमकुवत नमुना तापतो आणि तापला की अजून करंट वाहतो, म्हणजे वाईट काँक्रीट आहे त्याहून वाईट दिसतं.

ही चाचणी जन्माला आली तीही समुद्रासाठी नाही. डेव्हिड व्हायटिंग यांनी ती १९८१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनासाठी मांडली. प्रश्न होता बर्फ वितळवायला पुलांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाचा. तिथे ९० दिवस मीठपाणी साठवून ठेवण्याची संथ चाचणी होती, तिच्या जागी लवकर होणारं काही हवं होतं. त्या कामासाठी ती सोयीची आहे आणि मी तिला टाकाऊ म्हणत नाही. एकाच मिक्सचं काँक्रीट महिन्यामागून महिने येत असेल, तर कुठल्या खेपेत गडबड झाली हे पकडायला तिच्याइतकी स्वस्त चाचणी मिळणं कठीण. गोंधळ होतो तो वेगवेगळ्या रसायनाची मिक्सं तिच्यावर शर्यतीला लावली की.

समुद्रात गेल्यावर वेगळीच अडचण येते. आपली चकती पूर्ण भिजलेली असते, म्हणजे ती कायम पाण्याखाली असलेल्या खांबासारखी वागते. पण पाण्याखाली क्लोराइड भरपूर असला, तरी ऑक्सिजन फार कमी पोचतो, म्हणून तिथे गंज संथ असतो. खरा धोका भरती-ओहोटीच्या आणि लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात. तिथे काँक्रीट वाळतं, पुन्हा खारं पाणी शोषून घेतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ही केशाकर्षणाची ओढ ६ तासांच्या भिजलेल्या चाचणीत नसतेच. कोकणात तर ऊन आणि पावसाळा मिळून हे चक्र चांगलंच तीव्र होतं.

शिवाय प्रयोगशाळेतल्या चकतीला कव्हर नसतं. आयएस ४५६:२००० भरती-ओहोटीच्या पट्ट्याला 'एक्स्ट्रीम' गटात टाकतं आणि ७५ मिमी कव्हर मागतं. विसरण एकसारखं चालतं असं ढोबळ धरलं, तर क्लोराइडला सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. स्पेसर सरकला आणि ७५ च्या जागी ६० मिमी मिळाले, तर उरतो ६४ टक्के वेळ. मिक्समध्ये मेहनतीने मिळवलेलं एका निष्काळजी दुपारी जातं. पणजीचा मांडवीवरचा पहिला नेहरू पूल दोन दशकंही न टिकता जुलै १९८६ मध्ये कोसळला, तो प्रीस्ट्रेसिंगच्या तारा गंजल्यामुळे. अशा पुलात तारांच्या नळ्यांमध्ये ग्राउट नीट भरलंय का, सांध्यांतून पाणी झिरपतंय का, हे प्रश्न आधी येतात. चकतीला त्यातलं काही विचारता येत नाही.

मग आयुष्याचं भाकीत करायचंच नाही का? करा, पण गृहीतकं उघडी ठेवा. वयाप्रमाणे विसरण गुणांक कमी होतो हे दाखवायला एक घातांक वापरतात. तो ०.३ धरला, तर २८ दिवसांपासून २५ वर्षांपर्यंत गुणांक सुमारे ६ पटींनी उतरतो, ०.६ धरला तर ३२ पटींनी. एका अक्षराच्या निवडीवर ४० वर्षांचं काँक्रीट १०० वर्षांचं होऊ शकतं. सळईला गंज सुरू होण्याची क्लोराइडची मर्यादाही सगळे सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के धरून पुढे जातात. आँग्स्ट आणि सहकाऱ्यांचा २००९ चा आढावा वाचा. साहित्यातले आकडे शंभर पटींहून जास्त विखुरलेले आहेत. ही दोन गृहीतकं न सांगता कोणी 'सेवाकाल १०० वर्षे' लिहिलं असेल, तर त्या निबंधाचा निष्कर्ष वाचण्यात वेळ घालवू नका, त्यातला कच्चा डेटा तेवढा घ्या.

उभ्या बांधकामावर मोजतानाही असाच सापळा आहे. हाफ-सेल पोटेन्शियल कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंजाची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, असं सगळे लिहितात. पाण्याखालच्या खांबावर हा आकडा सहज त्याच्याही खाली जातो, कारण ऑक्सिजन नाही. गंज जोरात असेलच असं नाही.

त्या सरांच्या प्रश्नानंतर मी एनटी बिल्ड ४९२ कडे गेले. त्यातही वीज लावतात, पण चाचणी संपल्यावर नमुना मधोमध फोडतात आणि सिल्व्हर नायट्रेट फवारतात. जिथे क्लोराइड पोचला तिथे पांढरा पट्टा उमटतो, तो पट्टीने मोजायचा. पहिल्यांदा तो पट्टा दिसला तेव्हा बरं वाटलं, निदान मीठ डोळ्यांनी दिसत होतं. माझं ९०० कूलंबचं मिक्स त्यात चांगलंच निघालं, पण साध्या सिमेंटच्या जितकं पुढे तक्त्यात दिसत होतं, तितकं नाही. अहवालातला तो तक्ता आता परिशिष्टात गेलाय.

ही सुद्धा भिजलेल्या नमुन्याचीच चाचणी आहे, म्हणून शिंतोड्यांच्या पट्ट्याचा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी काही नमुने एका जेटीला भरतीच्या रेषेत टांगलेत. वर्षाला एकदा काढून पृष्ठभागापासून थराथराने पूड घासायची आणि प्रत्येक थरातला क्लोराइड मोजायचा. पहिल्या पावसाळ्यानंतर काढले तेव्हा त्यांच्यावर कालवं बसलेली होती. ती खरवडायची की तशीच ठेवायची, यावर लॅबमध्ये अजून वाद चालू आहे.