भिंत गेली, आता रेघ कुठं टेकवायची?

पोळ्याच्या दिवशी मोहगावच्या गोठ्यात एक चित्र तयार होतं आणि त्याला कुणी चित्र म्हणत नाही. बैल धुऊन उभा केलेला असतो, गवळाऊ जातीचा, पांढराफेक. धनी वाटीत गेरू कालवतो, पेल्याची कड त्यात बुडवतो आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर दाबतो. गोल उमटतो. बैल अंग थरकवतो, गेरू केसांच्या दिशेनं जरासा खाली ओढला जातो, म्हणून एकही गोल दुसऱ्यासारखा होत नाही. खांद्याजवळ गोल दाट, पोटाकडे विरळ. दोहोंत किती जागा सोडायची हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

चित्रकलेच्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणात बिंदू, रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश असे घटक सांगितलेले असतात. ते सगळे इथं हजर आहेत. त्यातही पोत आणि अवकाश बैलानं दिलेले असतात. माणूस त्यांच्याशी जुळवून घेतो. हाच गोल कागदावर उमटवून पाहावा. तो नीट येतो, आणि अगदी निर्जीव दिसतो.

चित्रकार ज्यावर रंगवतात त्याला चित्राची जमीन म्हणतात. पांढुर्णा-सौंसर भागातल्या चित्रकलेचा विचार करताना मला या जमिनीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण गेल्या काही दशकांत इथं बदल झाला तो तिच्यात. हात तेच आहेत, हौसही तीच आहे.

जुनं घर मातीचं. भिंतीच्या मातीत भुसा आणि शेण मळलेलं, वर सारवण, सणाला पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात. त्यावर गेरू, पिवडी, काजळ, फार तर नीळ. रंगात बाभळीचा डिंक, कुंचीला ठेचलेली काडी नाहीतर काडीला गुंडाळलेला कापूस. या कृतीला गावठी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी अजिंठ्याची कृती एकदा समजून घ्यावी. तिथंही खडबडीत कातळावर भुसा आणि तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ थर आहे, आणि तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले मातीचे रंग आहेत. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ, पांढरा. निळा लाजवर्द तेवढा दूरदेशाहून आलेला. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांना वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा आश्रय होता. दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची, आणि तिच्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट आपल्या पांढुर्ण्यालाच सापडलेला आहे. मोहगावच्या आजीनं भिंतीवर काढलेला नागोबा अजिंठ्याचा वारस आहे असा दावा मी करणार नाही. पण चित्राची जमीन तयार करण्याची समज एकाच कुळातली आहे, एवढं मी ठामपणे म्हणेन.

त्या नागोबाची रेघ मी लहानपणी जवळून पाहिली आहे. नागपंचमीला आजी काडी काजळात बुडवून भिंतीला टेकवायची आणि शेपटीपासून फण्यापर्यंत एका दमात ओढायची. सारवलेली भिंत रंग पिते. म्हणून सुरुवातीला रेघ जाड आणि काळीभोर, मध्ये कोरडी होत जाणारी, फण्याशी काडी पुन्हा बुडवली की परत ओली. नागाच्या अंगाला जी चाल यायची ती या पिण्यामुळे. पुढं भिंतीला सिमेंट आलं, त्यावर डिस्टेंपर, मग ऑइलपेंट. ऑइलपेंट काही पीत नाही. काजळ ओघळायला लागलं तशी आजीनं खडू घेतला, आणि नंतर छापील नागोबा भिंतीवर आला. जिवतीचा कागद तर आधीपासूनच छापील होता: नरसिंह, कालियामर्दन, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती अशा चार चौकटींचा. पण त्याच्या शेजारी घरातलं कुणीतरी हळदीकुंकवाची बोटं उठवायचं. दोन्हींचं जमायचं.

पक्क्या घराबद्दल माझी तक्रार नाही. गळकं छप्पर आणि दरवर्षीचं लिंपण ज्यांनी भोगलं त्यांना सिमेंटचं मोल विचारावं. ते लिंपण बायकांच्याच अंगावर असायचं. माझं दुःख वेगळं आहे. नवीन जमिनीवर चित्र कसं काढायचं याचा विचार कुणी केलाच नाही.

बाजारातल्या पेंटरनं तो केला होता. पत्र्यावर आधी अस्तर, मग खडू लावलेली दोरी ताणून सूत मारायचं, दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं. देवनागरीची शिरोरेघ चपट्या ब्रशनं एका ओढीत, आणि अक्षराच्या उजव्या अंगाला सावली. इनॅमल किती पातळ करायचं हे तो ऊन बघून ठरवायचा. त्या पत्र्याच्या गुळगुळीतपणातून त्यानं स्वतःची शैली काढली होती. फ्लेक्स आला आणि पेंटरची जमीनच नाहीशी झाली.

आता शाळा-कार्यालयांच्या भिंतींवर लोककला म्हणून काय दिसतं? वारली. दोन त्रिकोणांची माणसं, तारप्याभोवतीचा नाच. वारली ही थोर कला आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढं नेली. पण ती डहाणू-तलासरीची, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची. आपल्याकडे ती प्लास्टिक पेंटवर एकाच जाडीच्या रेघेत उतरते आणि तिचा श्वास जातो. शिवाय पोळ्याचा बैल ज्या लेकरानं रंगवला, त्याला भिंतीवर मात्र दुसऱ्याचा बैल काढायला सांगितला जातो. हे मला फार खटकतं.

जमीन बदलूनही कला टिकते, याचा दाखला आपल्याच मध्य प्रदेशात आहे. पाटणगढच्या मातीच्या भिंतीवरचं जनगढसिंह श्याम यांचं चित्र जे. स्वामिनाथन यांच्या चमूला दिसलं आणि ते भोपाळला, १९८२ साली उघडलेल्या भारत भवनात आले. कागद रंग पीत नाही तसा, हे त्यांनी ओळखलं, आणि भिंतीचा खडबडीतपणा बारीक ठिपक्यांनी, कंगव्यासारख्या रेघांनी कागदावर स्वतः तयार केला. गोंड चित्रांतली ती भरण म्हणजे हरवलेली भिंत आहे, असं मला वाटतं.

दुसरे सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा जन्म, १९३९ ते ४३ नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, पुढं मुंबई आणि पॅरिस. लहानपणी चंचल मुलाला स्थिर करायला मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघायला सांगितलं, असं ते सांगत. कित्येक वर्षांनी तोच बिंदू त्यांच्या कॅनव्हासचं केंद्र झाला. त्यांची माती, त्यांचा तांबडा, पिवळा, काळा बघताना मला आमच्या ओसरीची आठवण होते.

रझा शिकले तेव्हा नागपूर आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होते. १९५६ला नागपूर पलीकडे गेलं, आपण इकडे राहिलो; २०२३ला पांढुर्णा जिल्हा झाला. सीमेपलीकडच्या शाळेतलं मूल एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या निमित्तानं वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र गिरवतं. इकडच्या मुलाला तीही शिडी नाही. पण त्या परीक्षेतही कागद आयता मिळतो; जमीन कशी तयार करायची हा प्रश्नच येत नाही.

मोहगावच्या एखाद्या शाळेनं आवारातली एक भिंत, दहा फुटांची असली तरी पुरे, मुलांकडून माती, भुसा आणि शेणानं लिंपून घ्यावी. गावात ते प्रमाण जाणणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना गुरुजी म्हणून बोलवावं. मुलांनी तिच्यावर काजळाची रेघ ओढून पाहावी, आणि शेजारच्या सिमेंटवर तीच रेघ पुन्हा ओढावी.