तळव्यासमोर तळवा

विरोध दाखवायला इंग्रजीत शब्दांची वाण नाही. 'ऑपोझिट' रोजच्या वापरातला, 'अँटोनिम' व्याकरणाच्या पुस्तकातला. माझी पसंती मात्र भारदस्त 'अँटिपोडीज'ला. ग्रीकमध्ये 'अँटि' म्हणजे समोर आणि 'पोउस' म्हणजे पाऊल. ज्यांचे तळवे आपल्या तळव्यांसमोर येतात, ती पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाची माणसं. इथला विरोध मतांचा नाही, उभं राहण्याचा आहे. दोघं एकाच व्यासाच्या दोन टोकांना. दोघांनाही आपलंच डोकं वर वाटतं, आणि दोघांचंही बरोबर असतं.

हे पचायला शतकं गेली. तिकडे पाऊस काय खालून वर पडतो, अशी टर लॅक्टॅन्शियसने उडवली. ऑगस्टीन अधिक सावध: पृथ्वी गोल असली, म्हणून त्या बाजूला माणसं असलीच पाहिजेत का? सेव्हिलच्या इसिडोरने तर लिबियात उलट्या पावलांची, पायाला आठ-आठ बोटं असलेली माणसंच वसवली. (उलट्या पायांचं भूत ऐकत वाढलेल्या आपल्याला त्यात फारसं नवल वाटू नये.)

पण शब्दाची खरी चव शेक्सपिअरने चाखली. 'हेन्री द सिक्स्थ'च्या तिसऱ्या भागात शत्रूच्या हाती सापडलेला यॉर्क, डोक्यावर कागदी मुकुट चढवून त्याची थट्टा झालेली, राणी मार्गारेटला सुनावतो: सगळ्या चांगुलपणाच्या तू अँटिपोडीजइतकी विरुद्ध. नुसतं 'दुष्ट' म्हणाला असता तर ती शिवी झाली असती. इथे तो तिला भूगोलातच हद्दपार करतो. 'मच अडू अबाउट नथिंग'मधला बेनेडिक बिअ‍ॅट्रिसशी तीन शब्द बोलण्यापेक्षा क्षुल्लक कामासाठी अँटिपोडीजला जायला तयार आहे. पुढे लग्न तिच्याशीच करतो! तिथे द्वेष, इथे लपवलेली ओढ, अंतर तेवढंच.

आज कॅपिटल 'ए'ने लिहिला, तर ब्रिटिशांच्या तोंडी त्याचा अर्थ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. म्हणजे तळवे कुणाचे धरायचे, ते लंडनने ठरवलं. एरवी तो गंभीर गद्यात शोभतो, एका विचारवंताची भूमिका दुसऱ्याच्या थेट पलीकडची असेल तेव्हा. चहा-कॉफीच्या आवडीनिवडीला तो लावला की हसू येतं.

शेवटचा 'एस' अनेकवचनाचा समजून इंग्रजीने पुढे 'अँटिपोड' असं एकवचनही पाडून घेतलं. शब्दकोशांना ते मान्य आहे. मला ते लंगडं वाटतं.