झाव्हेर

झाव्हेर : व्हीक्तॉर ह्यूगो (१८०२–८५) ह्या फ्रेंच साहित्यिकाच्या ले मिझेराब्ल (१८६२) ह्या कादंबरीतील पोलीस निरीक्षक. कादंबरीचा नायक झां व्हालझां ह्याचा वर्षानुवर्षे पाठलाग करणारा हा अधिकारी कथानकात खलनायकाचे स्थान व्यापतो. तथापि लोभ, द्वेष, विलासलोलुपता ही रूढ खलपुरुषाची लक्षणे त्याच्या ठायी आढळत नाहीत. त्याचा दोष त्याच्या सद्‌गुणातच दडलेला आहे. निष्ठा हा सद्‌गुण अपवाद जाणेनासा झाला म्हणजे त्याचे काय होते, ह्याचे हे चित्रण होय.

झाव्हेरचा जन्म तुरुंगात झाला. त्याची आई पत्त्यांवरून भविष्य सांगणारी, तर बाप सक्तमजुरी भोगणारा कैदी. समाजावर हल्ला करणारे आणि समाजाचा पहारा करणारे असे दोन वर्ग समाज आपल्या बाहेरच ठेवतो, असे ह्यूगोने म्हटले आहे. झाव्हेरने ह्यांपैकी दुसरा वर्ग निवडला. सत्तेविषयी आदर आणि बंडाविषयी तिरस्कार ह्या दोन भावनांवर त्याचे सारे जीवन उभे आहे. मूळच्या साध्या व चांगल्या भावना अतिरेकाने वाईट ठराव्यात, अशी त्याची स्थिती आहे. आपल्या जन्माचा कलंक पुसण्याची धडपड ह्या निष्ठेमागे आहे, म्हणूनच ती इतकी कठोर आहे.

ही निष्ठा दांभिक नाही, हे ह्यूगोने एका प्रसंगातून स्पष्ट केले आहे. नगराध्यक्ष मादलेन हाच फरारी व्हालझां असावा, असा झाव्हेरला संशय येतो व तो पॅरिसला तसे कळवितो. पुढे भलताच एक इसम व्हालझां म्हणून ओळखला जातो. तेव्हा झाव्हेर स्वतः नगराध्यक्षापुढे उभा राहून स्वतःला बडतर्फ करण्याची मागणी करतो. राजीनामा त्याला नको असतो, कारण राजीनाम्यात मान राहतो. दुसऱ्याला लावलेला निकष तो स्वतःलाही तेवढ्याच निर्दयपणे लावतो. त्याचा मूळ संशय मात्र खरा असतो, हा ह्या प्रसंगातील उपरोध होय.

त्याच्या अंतर्द्वंद्वाला जून १८३२ मधील पॅरिसच्या उठावात तोंड फुटते. हेर म्हणून पकडल्या गेलेल्या झाव्हेरला ठार करण्याचे काम व्हालझां मागून घेतो आणि त्याला गुपचूप सोडून देतो. सुटकेपेक्षा मरण बरे, असे झाव्हेर त्याला सांगतो. पण हे सांगताना आपण त्या कैद्याशी एकेरीत बोलणे सोडून आदरार्थी बोलू लागलो आहोत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. विचारांत बदल होण्यापूर्वी तो व्याकरणात झालेला आहे. त्यानंतर जखमी मार्यूसला गटारांतून वाहून आणणारा व्हालझां त्याच्या हाती लागतो. परंतु झाव्हेर त्याला अटक न करता निघून जातो.

‘रूळांवरून घसरलेला झाव्हेर’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे प्रकरण हा ह्या व्यक्तिचित्रणाचा कळस होय. व्हालझांला पकडणे हे कर्तव्य आणि त्याला सोडणे हेही कर्तव्य, असा पेच येथे उभा राहतो. गुन्हेगार थोर असू शकतो, हे मान्य केले तर आजवरचे आयुष्य खोटे ठरते. अमान्य केले तर डोळ्यांनी पाहिलेले नाकारावे लागते. कायद्याच्या वर आणखी काही असू शकते, ही जाणीव त्याला मुक्त करीत नाही, तर निराधार करते. सेन नदीच्या काठावरून उठून तो शातले चौकातील पोलीस ठाण्यात जातो, एक टिपण लिहितो आणि परत येऊन नदीत उडी घेतो.

ह्या टिपणाकडे आत्महत्येच्या नाट्यामुळे सहज दुर्लक्ष होते. पण झाव्हेरच्या परिवर्तनाचा खरा पुरावा तेच आहे. त्यात तुरुंगांविषयी दहा सूचना आहेत. झडतीच्या वेळी कैद्यांना फरशीवर अनवाणी उभे केले जाते, त्यामुळे त्यांना खोकला होतो व रुग्णालयाचा खर्च वाढतो, अशी पहिली तक्रार आहे. करुणा येथे खर्चाच्या भाषेत बोलते, कारण झाव्हेरला दुसरी भाषा अवगत नाही. टिपणाखाली तो आपला हुद्दा, तारीख आणि वेळही नोंदवितो. निष्ठा आणि उद्धार ह्यांचा मेळ घालण्याचा त्याचा हा एकमेव प्रयत्न होय.

व्हालझांलाही असाच धक्का १८१५ मध्ये बसलेला असतो. चोरलेली चांदीची भांडी बिशप मिर्येल त्यालाच देऊन टाकतो, तेव्हा तोही कोसळतो. परंतु त्यातून सावरतो. एकोणीस वर्षे शिक्षा भोगलेल्या त्या माणसाजवळ गमावण्यासारखे काही नसते. झाव्हेरला मात्र आपली निष्कलंकताच गमवावी लागते. अपराध्याला क्षमा स्वीकारणे जमते, न्यायनिष्ठाला जमत नाही, हा ह्यूगोने साधलेला विरोध अर्थपूर्ण आहे. तेनार्द्ये हा कादंबरीतील खरा दुर्जन. त्याला कोणतेही अंतर्द्वंद्व नाही, कारण त्याला निष्ठाच नाही.

ह्या चित्रणात उणिवा आहेत. पात्राच्या मनातील प्रत्येक हालचाल लेखक स्वतः उलगडून सांगतो, तसेच विरोधी कल्पनांच्या जोड्या अतिरेकाने योजतो. असे असले, तरी झाव्हेरची शोकांतिका कृत्रिम वाटत नाही. ह्या कादंबरीवर सोहराब मोदी ह्यांनी कुंदन (१९५५) हा हिंदी चित्रपट काढला. लंडनमध्ये १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या संगीतकात व्हालझांचे परिवर्तन आणि झाव्हेरचा अंत ह्या दोन्ही प्रसंगांतील स्वगतांना एकच चाल आहे. एकच कृपा एकाला तारते आणि दुसऱ्याला मोडते, हे मूळ कृतीतील मर्म तीत नेमके पकडले आहे.