गव्हाच्या मुलखातली मशीद

मुस्लिम माणूस साहित्यात किंवा पडद्यावर आला की त्याच्याकडे पहिली मागणी होते ती सफाईची. तो कसा नाही हे त्याने आधी सांगायचे. तो कोण आहे हे नंतर, वेळ उरला तर. मराठीत लिहिणाऱ्या आपणा सर्वांना हा अनुभव नवा नाही. म्हणूनच कॅनडातील एका छोट्या शेतीच्या गावावर बेतलेली एक विनोदी मालिका पाहताना मला ती निव्वळ करमणूक वाटली नाही. 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' हे तिचे नाव. सीबीसी वाहिनीवर ती जानेवारी २००७ मध्ये सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर एप्रिल २०१२ मध्ये संपली. या मालिकेने काय साधले आणि तिच्या हातून काय निसटले, याचा विचार या लेखात करायचा आहे.

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेला सपाट गवताळ प्रदेश. अमेरिकेने १८६२ च्या आणि कॅनडाने १८७२ च्या कायद्याने येथील जमीन कसणाऱ्यांना १६० एकरांच्या तुकड्यांनी वाटली. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. मूळ रहिवाशांना मागे रेटून ती मोकळी करण्यात आली होती, हे विसरून चालणार नाही. या तुकड्यांवर युरोपातून आलेल्या गरीब शेतकऱ्यांनी गहू पेरला आणि रेल्वेच्या रुळांलगत लहान लहान गावे उभी राहिली. धान्याची उंच कोठारे, एक मुख्य रस्ता, पोस्ट, दुकान, चर्च आणि चर्चचा हॉल एवढाच या गावांचा पसारा. दोन घरांमध्ये मैलाचे अंतर आणि हिवाळा जीवघेणा. अशा ठिकाणी शेजाऱ्याशिवाय जगता येत नाही आणि शेजाऱ्याच्या नजरेतून सुटताही येत नाही.

या गावांनी दोन मोठे लेखक घडवले. सिंक्लेअर लुईस यांनी 'मेन स्ट्रीट' (१९२०) या कादंबरीत ती नजर दाखवली. शहरात शिकलेली कॅरल डॉक्टर नवऱ्याबरोबर गोफर प्रेअरी या गावी येते. तिचे कपडे, तिची पुस्तके, तिने नोकराणीला दिलेला पगार, सगळ्यावर गावाचा डोळा असतो. विला कॅथर यांनी 'माय आंतोनिया' (१९१८) मध्ये गावाकडे बाहेरून आलेल्यांच्या बाजूने पाहिले. बोहेमियातून आलेल्या शिमेर्दा कुटुंबाचा कर्ता पहिल्याच हिवाळ्यात आत्महत्या करतो. नॉर्वेजियन लोक त्यांच्या कब्रस्तानात त्याला जागा देत नाहीत. शेवटी त्याला त्याच्याच शेताच्या कोपऱ्यात पुरतात. पुढे तेथून रस्ते जातात, पण ते त्या कबरीला वळसा घालून जातात. बाहेरून आलेला माणूस गावाचा कसा होतो, याचे याहून नेमके चित्र माझ्या वाचनात नाही. आधी त्याला दफनाची जागा नाकारली जाते आणि मग गावाचा रस्ताच त्याच्यासाठी बाजूला सरतो.

हे दोन लेखक डोळ्यांपुढे ठेवून आता मालिकेकडे वळू. तिच्या निर्मात्या झरका नवाज यांचा जन्म इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. त्या कॅनडात वाढल्या आणि सस्कॅचेवान प्रांताची राजधानी असलेल्या रेजायना शहरात स्थायिक झाल्या. मालिकेतले मर्सी हे गाव काल्पनिक आहे. तेथील मूठभर मुसलमानांना नमाजासाठी जागा हवी असते. बांधकामाचा ठेकेदार यासिर अँग्लिकन चर्चचा हॉल भाड्याने घेतो, पण तो व्यवसायासाठी घेतल्यासारखे भासवतो. टोरांटोतली वकिली सोडून आलेला तरुण अमार इमाम होतो. पहिल्याच भागात विमानतळावर त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून भलताच अर्थ काढला जातो आणि त्याला अडकवून ठेवतात. यासिरची मुलगी रय्यान डॉक्टर आहे. ती हिजाब वापरते आणि कोणाचे ऐकून घेत नाही. तिची आई सारा इस्लाम स्वीकारलेली गोरी बाई आहे. प्राध्यापक बाबर जुन्या वळणाचे, तर फातिमा नायजेरियातून आलेली, गावात कॅफे चालवणारी. शिवाय रेडिओवरून रोज विष ओकणारा फ्रेड टपर आहे आणि भला, थकलेला पाद्री मॅगी आहे.

मालिकेची पहिली मोठी कमाई म्हणजे तिची जागा. मशीद आणि चर्च एकाच छताखाली आणल्यामुळे संवादासाठी वेगळी परिषद भरवावी लागत नाही. भाडे, हॉलची वेळ आणि छताची गळती या गोष्टींवरूनच दोन धर्म एकमेकांशी बोलू लागतात. इमाम आणि पाद्री यांची मैत्री उपदेशातून वाढत नाही. कमी होत चाललेली माणसे आणि न मिटणारी भांडणे हा दोघांचाही रोजचा त्रास आहे. त्या त्रासातून ती वाढते. छोट्या गावाचे समाजजीवन असेच चालते, आणि येथे मालिका कॅथर यांच्या जवळ जाते.

दुसरी कमाई अधिक धाडसाची आहे. आपले भांडण चारचौघांत नको, बाहेरचे हसतील, हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. नवाज हे मानत नाहीत. मशिदीत बायका आणि पुरुष यांच्यामध्ये आडोसा हवा की नको, यावर मालिकेत सुरुवातीलाच जुंपते. बाबर आणि रय्यान समोरासमोर येतात आणि नवा इमाम मध्ये सापडतो. या प्रश्नावर नवाज यांनी त्याआधी २००५ मध्ये 'मी अँड द मॉस्क' हा माहितीपटही केला होता. येथे मी तटस्थ राहू शकत नाही. मी वाढले त्या मोहल्ल्याच्या मशिदीत बायकांसाठी आडोशामागेही जागा नव्हती. लहानपणी वडिलांना डबा द्यायला गेले की मी पायरीवरूनच परत यायची. म्हणून रय्यानचा राग मला परका वाटत नाही. तरीही बाबरला खलनायक केलेले नाही. तो हट्टी आहे, पण मुलीचा प्रेमळ बापही आहे. जमातीत मतभेद असतात आणि तरी ती एकाच रांगेत उभी राहते, हे लेखिकेला ठाऊक आहे.

असे असूनही मालिका संपल्यावर काहीतरी राहून गेल्याची जाणीव होते. मुस्लिम पात्रे आठवून पाहावीत. ठेकेदार, डॉक्टर, प्राध्यापक, कॅफेवाली, वकिली सोडलेला इमाम. यांच्यात शेतकरी एकही नाही. गव्हाचा भाव, कोरडे वर्ष, बँकेचे कर्ज, गाव सोडून जाणारी तरुण मुले, हीच प्रेअरीच्या गावांची खरी दुखणी. मालिकेच्या केंद्रस्थानी ती कधीच येत नाहीत. बाहेरची दृश्ये सस्कॅचेवानमधल्या इंडियन हेड या गावात चित्रित झाली. कॅनडा सरकारने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेल्या पहिल्या पाच प्रायोगिक शेतांपैकी एक याच गावचे. शेतीचा एवढा इतिहास असलेल्या गावात कॅमेरा पोचला, पण शेत मागच्या पडद्यावरच राहिले. गावाला पडणारा प्रश्न सहा पर्वे एकच राहतो : हे लोक धोकादायक तर नाहीत ना? उत्तर विनोदी आहे, प्रसन्न आहे, पण शेवटी ती सफाईच आहे.

मुसलमान प्रेअरीवर काल आलेला पाहुणा असता तर हे चालून गेले असते. इतिहास वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच नॉर्थ डकोटा राज्यातल्या रॉस या गावाजवळ आजच्या सिरिया-लेबनॉनच्या भागातून आलेल्या मुसलमानांनी १६० एकरांचे तुकडे घेतले आणि गहू पेरला. आधी ते घरातच नमाज पढत. १९२९ मध्ये त्यांनी अर्धी जमिनीत असलेली एक साधी काँक्रीटची मशीद बांधली. अमेरिकेत मुद्दाम मशीद म्हणून बांधलेल्या सर्वांत जुन्या इमारतींत तिची गणना होते. पुढच्या पिढ्या पांगल्या, नमाजी उरले नाहीत आणि १९७९ मध्ये ती पाडण्यात आली. कब्रस्तान मात्र तेथेच राहिले आणि २००५ मध्ये त्याच्याजवळ एक छोटी नवी मशीद उभी राहिली. ती पांगलेल्यांच्या आठवणीसाठी आहे.

कॅनडातील पहिली मशीद 'अल रशीद' १९३८ मध्ये अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन येथे झाली. हिल्वी हमदान या बाईंनी जागेसाठी महापौरांकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला आणि वर्गणीसाठी दुकानांची दारे झिजवली. बांधणारा ठेकेदार युक्रेनियन होता, त्यामुळे मशिदीची घडण त्यांच्या चर्चसारखी दिसते. उद्घाटनाला कुराणाचे इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्ला युसूफ अली हजर होते. ते जन्माने मुंबईचे आणि विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. मंदीच्या काळात, बर्फाच्या मुलखात एका बाईच्या चिकाटीतून उभी राहिलेली ती मशीद आणि तिच्या दारात मुंबईचा विद्वान, हे दृश्य मर्सीच्या कोणत्याही भागापेक्षा कमी नाट्यमय नाही.

रॉसच्या त्या शेतकऱ्याला शेजारी काय विचारत असतील? यंदा पाऊस कसा झाला, बियाणे उसने मिळेल का, तुमच्याकडची मळणी कधी. गावाशी त्याचे नाते या प्रश्नांतून जुळले असणार. कॅथर यांच्या कादंबरीतली कबर आणि रॉसचे कब्रस्तान मला म्हणूनच एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांसारखे वाटतात. माणूस ज्या मातीत राबतो आणि ज्या मातीत जातो, तिच्याविषयी त्याला खुलासा द्यावा लागू नये. नवाज यांच्या मालिकेने मुसलमानाला हसण्याचा आणि स्वतःवर हसू देण्याचा हक्क मिळवून दिला, ही गोष्ट लहान नाही. २००७ साली, भीतीच्या त्या वातावरणात, तिला दुसरा मार्गही कदाचित नव्हता. पण तिने शेतात पाऊल टाकले असते तर ती 'माय आंतोनिया'च्या शेजारी बसली असती.

हा हिशेब मी आपल्याकडेही लावून पाहते. उर्दू शाळेत मी मराठी शिकवते. दरवर्षी सातवीला 'माझे गाव' हा निबंध देते. मुले गाईडमधली नदी, गाईडमधली जत्रा, गाईडमधला पार लिहून आणतात. गेल्या वर्षी एका मुलाला विचारले, तुझे अब्बा काय करतात? म्हणाला, कांद्याची शेती. मग ते का नाही लिहिलेस? तो म्हणाला, "बाई, ते निबंधात येतं का?"

मी त्याची वही परत केली आणि म्हटले, तेच लिही. त्याने दीड पान लिहिले. भाव पडल्यावर अब्बांनी कांदा बांधावर ओतला, इथपासून त्याची सुरुवात होती. त्यात सफाईचे एकही वाक्य नव्हते.