पदर, बुरखा आणि निवडीचा प्रश्न

वस्त्र हे चिन्ह आहे असे म्हणताना ते कोणी, कोणासमोर आणि कोणत्या परिस्थितीत धारण केले, हा प्रश्न समीक्षेत बहुधा मागे पडतो. मुस्लिम स्त्रीच्या पोशाखाची तर दोनच वाचने रूढ आहेत : बुरखा म्हणजे दास्य, किंवा बुरखा म्हणजे अस्मिता. दोन्हींत अर्थ वस्त्राकडे जातो. स्त्री केवळ त्याची वाहक उरते.

खानदेशातील वास्तवापुढे हे द्वंद्व टिकत नाही. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल धर्माने मुस्लिम आणि अनुसूचित जमातीत गणले जाणारे. तेथील साडी-पदर हा प्रदेशाचा वारसा आहे. जळगाव-धुळ्याच्या शहरी मोहल्ल्यांत बुरखा परिचित आहे. धर्म एक, वस्त्रसंकेत अनेक. शेजारच्या हिंदू स्त्रीच्या डोईवरचा पदर मात्र 'रीत' म्हणून वाचला जातो आणि बुरखा 'धर्म' म्हणून. अपेक्षेचा दाब दोहोंमागे असूनही.

धर्मग्रंथाचा आधारही एकार्थी नाही. कुराणात 'खिमार' (२४:३१) आणि 'जिलबाब' (३३:५९) हे वस्त्रवाचक शब्द येतात. 'हिजाब' (३३:५३) तेथे पडदा, आडोसा या अर्थी आहे. 'बुरखा' हा शब्द नाही. म्हणजे धार्मिक अपेक्षा संहितेइतकीच तिच्या परंपरागत अर्थनिर्णयनातून घडते.

हा वाद न्यायालयातही गेला. मुलींच्या शाळेत डोके झाकू देण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. कर्नाटकातील हिजाब प्रकरणी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, न्या. सुधांशु धुलिया यांनी प्रश्न धर्माचरणाच्या अनिवार्यतेचा न मानता निवडीचा मानला. ही भूमिका मोलाची, तरी अपुरी आहे. डोके झाकू इच्छिणारी विद्यार्थिनी संस्थेविरुद्ध दाद मागू शकते. ते उघडे ठेवू इच्छिणारीने कोणाविरुद्ध मागावी? तिच्यापुढे असतात आई, सासू, मोहल्ल्याची नजर. घर सहसा प्रतिवादी होत नाही.

न्यायालयाच्या कक्षेबाहेर राहणारा हा अनुभव साहित्याचा खरा विषय आहे. मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' या आत्मकथनाने मुस्लिम स्त्रीच्या प्रथमपुरुषी कथनाला मराठीत जागा करून दिली. त्या जागेतून बुरखा घालणारी आणि तो उतरवणारी, दोघीही स्वतःच्या शब्दांत बोलल्या पाहिजेत. निवडीची कसोटी वस्त्रात नसते. ते घालण्याची किंवा न घालण्याची किंमत मोजावी लागते की नाही, यात ती असते.